गेमिंग पीसी चालू असताना खोली गार कशी ठेवावी

एप्रिलमध्ये रात्री साडेदहालासुद्धा आमच्या खोलीची पश्चिमेची भिंत हाताला कोमट लागते. सिंहगड रोडवर सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. त्यात तासभर गेम चालला की टेबलाखाली पोटऱ्यांना झळ बसते. असे दोन उन्हाळे काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली: पीसी गार करणं वेगळं आणि खोली गार करणं वेगळं.

पीसी जेवढी वीज खातो, तेवढ्या जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होऊन खोलीत उतरते. खेळताना ४५० वॅट लागत असतील, तर तेवढ्याच वॅटचा हीटर टेबलाखाली लावलाय असं समजा. "लिक्विड कूलर बसवा, खोली तापणारच नाही," असं सांगून एका दुकानदाराने प्रोसेसरची उष्णता द्रवाने वाहून नेणारा तो कूलर माझ्या गळ्यात मारला. प्रोसेसरचं तापमान उतरलं, खोलीचं तसंच राहिलं. त्याच्या रेडिएटरमधून निघालेली उष्णता जाणार कुठे? खोलीतच! तेव्हा खोलीसाठी म्हणून तिथे पैसे घालू नका.

पायरी १: उष्णता तयारच कमी होऊ द्या. सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, आणि तोही फुकटात. आधी गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमरेटला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) काढायच्या त्याला, मर्यादा घाला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेमच दाखवणारा असेल, तर २५० फ्रेम काढण्यात ग्राफिक्स कार्ड उगाच तापतं. निवांत, गोष्टीच्या गेमला ६० पुरतात.

मग एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात 'पॉवर लिमिट'ची, म्हणजे कार्डाने किती वीज ओढावी याची, पट्टी असते. ती १०० वरून ८० वर आणा, बदल लागू करा आणि अर्धा तास खेळून बघा. आरटीएक्स ३०८० या कार्डाची मर्यादा ३२० वॅट आहे. ८० टक्क्यांवर ती २५६ होते. म्हणजे ६४ वॅटची धग कमी झाली. फ्रेम थोड्या घटतात, पण २० टक्के नक्कीच नाही, कारण शेवटचा जरासा वेग गाठायलाच कार्ड भरमसाट वीज ओढतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही पट्टी हलत नाही. तिथे फ्रेमची मर्यादाच कामी येते.

पायरी २: ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतून पडदा लावला तर ऊन काचेतून आत येऊन पडद्यावर पडतं आणि ऊब खोलीतच राहते. मी बुरूड आळीतून खिडकीच्या मापाची बांबूची चिक करून आणली आणि ग्रिलला बाहेरून बांधली. दुपारी बारा ते सहा ती खाली सोडलेली असते. सोसायटी तयार असेल तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग जरूर लावून घ्या.

पायरी ३: गरम हवेला वाट द्या. पुण्यात उन्हाळ्यातही रात्री बाहेर बरंच गार होतं. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की पीसीजवळच्या खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा आणि दुसऱ्या खोलीची खिडकी उघडा. आता हवा कुठे जाते ते बघायला उदबत्ती पेटवून पीसीच्या कॅबिनेटच्या मागे धरा. माझ्याकडे पहिल्या दिवशी धूर कॅबिनेट आणि भिंतीच्या मधूनच वर चढून छताला जाऊन घुटमळत होता. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून खिडकीकडे वळवलं, तेव्हा धुराची रेघ आडवी होऊन थेट पंख्याकडे गेली. मच्छरदाणीची जाळी धुळीने भरली असेल तर ती आधी धुवा. माझी निम्मी हवा तिनेच अडवली होती.

पाण्याचा कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छान चालतो, पण खिडकी उघडी हवी आणि त्याचा ओलसर झोत पीसीवर नको. जूनमध्ये पाऊस आला की तो नुसता दमटपणा वाढवतो. एसी असेल तर हिशोब सोपा आहे. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे ४५० वॅटचा पीसी त्याची आठवा हिस्सा ताकद खातो.

आणि वेळ बदलता आली तर बदला. मे महिन्यात मी जड गेम रविवारी पहाटे पाचला लावतो. चिक गुंडाळलेली, दोन्ही खिडक्या सताड उघड्या, आणि आठ वाजेपर्यंत टेबलफॅनचीही गरज पडत नाही.