नवरा-बायकोचं कोर्टात चाललंय, गेटवर कोणाला सोडायचं?

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची मी सचिव. बँकेतून निवृत्त झाले आणि हे काम गळ्यात पडलं. पार्किंगची आणि गळतीची भांडणं निस्तरता येतात. अवघड फोन वेगळाच असतो: "काकू, बायकोला वर सोडू नका, आमचं डिव्होर्सचं चाललंय." कधी सासूबाईंचा येतो, कधी सुनेच्या भावाचा. इतर सोसायट्यांचे सचिव मला विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

फोन कोणाचाही असो, उत्तर एकच: कोर्टाचा आदेश दाखवा. घरात राहणाऱ्या माणसाला अडवायचा अधिकार वॉचमनला नाही आणि चेअरमनलाही नाही. (चेअरमनना हे पटायला जरा वेळ लागतो.) गेटच्या अॅपवरून नवऱ्याने तिचं नाव काढलं तरी ती पाहुणी होत नाही. वॉचमनला हे तोंडी सांगू नका, रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून सही करा.

"फ्लॅट माझ्या नावावर आहे" हे वाक्य हमखास येतं. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 17 म्हणतं की सामायिक घरात, म्हणजे जिथे ती नवऱ्याबरोबर राहते किंवा राहत होती त्या घरात, राहण्याचा बाईला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो, आणि कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. भाड्याचं घरही यात आलं. घटस्फोटाचा अर्ज नुसता दाखल झाल्याने हा हक्क जात नाही.

फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर असेल तर? 2006च्या एका निकालात असं घर सामायिक घर नाही असा अर्थ लावला होता, त्यामुळे सुनेची बाजू लंगडी पडायची. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात तो अर्थ चूक ठरवला. घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं. मात्र चार दिवस पाहुणी म्हणून राहणं वेगळं. आणि हा हक्क अढळ नाही. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची बाजूही कोर्ट तोलतं, सुनेची दुसरीकडे सोय करायलाही सांगू शकतं. कमिटीने त्यात न्यायाधीश होऊ नये.

कुलूपच बदललं असेल तर ते फोडायला सोसायटीचा प्लंबर देऊ नका. तिला 112 लावायला सांगा, पोलिसांत लेखी तक्रार द्यायला सांगा. पुढचा रस्ता पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टाचा. त्या कायद्याच्या कलम 12खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, थेट किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्यासाठी सरकारने नेमलेला अधिकारी). कलम 19खाली कोर्ट तिला घराबाहेर काढायला मनाई करू शकतं, घर विकायला रोखू शकतं, नवऱ्याला घर सोडायला सांगू शकतं किंवा तिला तशाच दर्जाची दुसरी जागा अथवा भाडं द्यायला लावू शकतं. घर सोडायचा हा आदेश सासू-नणंदेवर, म्हणजे कोणत्याच बाईवर निघत नाही. तातडी असेल तर कलम 23खाली अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता, आदेश मागता येतो. घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात आधीच चालू असेल तर हीच मागणी तिथेही करता येते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. बाईला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. आमच्या बिल्डिंगमधल्या शिकलेल्या मुलींनाही हे माहीत नसतं.

कोर्टात जाताना कागद हवेत: आधार, इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेटची प्रत, मुलांच्या शाळेची पावती, या पत्त्यावर आलेली तिच्या नावाची पत्रं. स्त्रीधनाचे फोटो आणि पावत्या असतील तर त्याही. सोसायटीकडून राहत असल्याचा दाखला मागितला तर रेकॉर्डला आहे तेवढंच लिहा. "सालस आहे", "भांडकुदळ आहे" असली विशेषणं नकोत.

बाहेर काढलेला नवरा असेल तरी गेटचा नियम तोच. 2005चा कायदा त्याला उपयोगी नाही, पण मालमत्तेचा दावा किंवा मनाईहुकूम तो कौटुंबिक न्यायालयात मागू शकतो. जोड नावाचा फ्लॅट असेल तर बायकोच्या फोनवरून त्यालाही अडवायचं नाही.

आदेश आलाच तर त्याची प्रमाणित प्रत फाइलला लावा, तारीख वाचा, अंतरिम आहे का ते पाहा. घराच्या विक्रीवर मनाई असेल तर ना-हरकत दाखला द्यायचा नाही. मेंटेनन्स थकला तर बिल सभासदाच्या नावानेच काढा, वसुलीसाठी सहकार खात्याकडे जा. नवऱ्याने सांगितलं म्हणून त्या फ्लॅटचं पाणी मात्र तोडू नका.