न्यौ: एका बैलाच्या मागं चिनी शब्दांचा अख्खा कळप

मी चिनी शिकायला घेतली तेव्हा पहिले दोन महिने रोज वीस शब्दांची लिस्ट पाठ करायचो. सकाळी पाठ झाली म्हणून खूश, अन् दुपारी डवऱ्यामागं चालताना आठवायला गेलो की अर्धे शब्द गेलेले, कारण एकाचा दुसऱ्याशी काही संबंधच नसायचा, छत्री, बँक, मामा, टरबूज, सगळं एकाखाली एक. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडं बैलांची खांदशेकणी चालली होती, बाबा पळसाच्या पानानं खांद्याला तूप-हळद लावत होते, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" म्हणून झालं, अन् ते एकदम माझ्याकडं वळून म्हणाले, "कारे, तुया चिनीत बैलाले काय म्हनते?"

मोबाईलमध्ये पाहिलं. न्यौ. त्या एका अक्षराखाली शब्दांची जी रांग लागली ती पाहून मी लिस्टची वही त्याच रात्री बाजूला ठेवली. आता मी एक अक्षर धरतो अन् त्याचं खानदान शिकतो. शेतीवाल्या घरातल्या माणसाला न्यौपासून सुरू करणं सगळ्यात सोपं जातं असं माझं मत आहे, म्हणून तेच घेऊन सांगतो.

वहीचं एक कोरं पान घ्या अन् मधोमध अक्षर काढा. चारच रेघा आहेत: आधी डावीकडं झुकलेली छोटी तिरपी, मग तिला लागून छोटी आडवी, मग खाली लांब आडवी, शेवटी वरून खाली एक सरळ उभी. उभ्या रेघेचं टोक वरच्या आडवीच्या बाहेर निघालंच पाहिजे. नाही निघालं तर ते 'वू' होतं, म्हणजे भरदुपार, बैल राहत नाही. जुन्या काळी हाडांवर कोरलेल्या लिपीत हे अक्षर म्हणजे समोरून पाहिलेलं बैलाचं तोंड होतं, वर वळलेली दोन शिंगं स्पष्ट दिसतात. आजच्या अक्षरात डावीकडची तिरपी रेघ शिंगाची आठवण समजा.

उच्चाराला सूर महत्त्वाचा. लांबून कोणी हाक मारली की आपण "काय?" म्हणतो, तसा सूर खालून वर न्या, तो बैल. सपाट सूर लावला तर बोलीतली पोरगी, खाली जाऊन परत वर आणला तर पिळणं-मुरगळणं, अन् वरून खाली आपटला तर हट्टी. एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे, चिनीत त आणि थ, प आणि फ असा फरक नीट करावा लागतो अन् तो आपल्या जिभेला जन्मापासून येतो. 'चाक'मधला दंत्य च सुद्धा त्यांच्याकडं जशास तसा आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, इथं थोडं थांबा. न्यौ शब्दाच्या शेवटी आहे की सुरुवातीला, हे पाहायची सवय लावा. शेवटी असेल तर तो शब्द बहुतेक करून जनावराचा प्रकार असतो. ह्वांग म्हणजे पिवळा, ह्वांगन्यौ म्हणजे आपल्या गाई-बैलासारखं साधं ढोर. श्वेइ म्हणजे पाणी, श्वेइन्यौ म्हणजे म्हैसवर्गातलं जनावर. नाइ म्हणजे दूध, नाइन्यौ म्हणजे दुभती गाय. हेच उलटं करा, न्यौनाइ, तर झालं गाईचं दूध. शाळेत तत्पुरुष समास शिकलो तेव्हा दुसरं पद महत्त्वाचं असं सर सांगायचे, अगदी तेच इथं चालतं. पाणसाप हा शेवटी सापच असतो ना, तसंच. नाइन्यौ-न्यौनाइ ही जोडी दहा वेळा तोंडानं म्हणा, मग मोठमोठे शब्दसुद्धा शेवटाकडून फोडता येतात.

न्यौ पुढं आला की बैलाची-गाईची वस्तू: न्यौच्याओ शिंग, न्यौमाओ केस, न्यौफी कातडं, न्यौरोउ मांस. जे खात नाहीत त्यांनी न्यौरोउ आधी पाठ करावा, तिकडच्या हॉटेलांच्या पाटीवर हा शब्द जागोजागी असतो. न्यौमाओयू मला फार आवडतो, यू म्हणजे पाऊस, म्हणजे बैलाच्या केसांसारखा बारीक पाऊस, आपल्याकडं झड लागली की दिवसभर जी भुरभुर चालते ना, तीच.

यानंतर जे शब्द सरळ अर्थानं कळत नाहीत ते पानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लिहा. वोन्यौ म्हणजे गोगलगाय, बघा, आपणही तिला गायच म्हटलं अन् त्यांनीही, शिंगांमुळंच. शीन्यौ म्हणजे गेंडा. न्यौचाइखू म्हणजे जीन्स, शब्दशः गुराख्याची पँट, अमेरिकन काउबॉयवरून आलेला. ह्वांगन्यौचा अजून एक अर्थ आहे, ब्लॅकनं तिकिटं विकणारा. छ्वेइन्यौ म्हणजे बढाया मारणं, छ्वेइ म्हणजे फुंकणं, मूळ शब्द बैलाचं कातडं फुगवणं असा आहे. न्यौफीछी म्हणजे बैलाचा स्वभाव, हटवादीपणा.

अन् इथं सांभाळा: आपण कोणाला "निरा बैल हाय" म्हटलं तर तो अपमान, पण चिनी माणूस तुम्हाला "चन न्यौ!" म्हणाला तर ती शाबासकी आहे, "लय भारी!" असं. वाईट वाटून घेऊ नका.

अक्षरांच्या पोटातही बैल सापडतो. डाव्या बाजूला आला की तो अंग चोरून बसतो अन् खालची आडवी रेघ शेवटी, उजवीकडं चढती काढायची. बैलाशेजारी काठी धरलेला हात काढला की 'मू', म्हणजे ढोरं चारणं. बैलाच्या डोक्यावर छप्पर टाकलं की 'लाओ', पूर्वी कोंडवाडा, आता तुरुंग. मी हे बाबांना काढून दाखवलं तेव्हा त्यांनी मातीवर काडीनं दोनदा गिरवलं अन् मी अर्थ सांगायच्या आधीच म्हणाले, "हा तं कोठा व्हय."

मग म्हणी. चिनी म्हणी बहुतेक चार अक्षरांच्या असतात अन् पोळ्याच्या झडत्यांसारख्या ठेक्यात बसतात, म्हणून टाळी वाजवून म्हणा. रोज एकच घ्या, गोष्टीसकट घ्या.

पहिली: त्वेइ न्यौ थान छिन, बैलापुढं छिन वाजवणं. छिन हे तारेचं वाद्य. आपली गाढवापुढं वाचलेली गीता आठवली असेल, वापर तसाच होतो. पण मूळ गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. कुंगमिंग यी नावाच्या वादकानं उंची राग वाजवला, बैल आपला गवत खात राहिला. मग त्यानं तारांवर डास-माश्यांची गुणगुण अन् एकट्या पडलेल्या वासराचं हंबरणं काढलं, तेव्हा बैलानं शेपटी हलवली, कान टवकारले अन् पावलं टाकत ऐकायला लागला. मौत्स नावाच्या लेखकाच्या जुन्या ग्रंथात ही गोष्ट आहे. बुद्धाचा विचार सांगताना तुम्ही सूत्रं सोडून चिनी पोथ्यांचेच दाखले का देता, असं विचारल्यावर त्यानं हे उत्तर दिलं. म्हणजे बैल बिचारा बहिरा नव्हताच! आमचा सर्जा वासराच्या आवाजाला असाच मान वळवतो, त्यामुळं ही म्हण मला एका वाचनात पाठ झाली.

दुसरी: च्यौ न्यौ यी माओ, नऊ बैलांमधला एक केस, आपल्या भाषेत दर्यात खसखस. इतिहासकार सिमा छ्येन याच्या पत्रातून ती आली. बादशहापुढं एका सेनापतीची बाजू घेतली म्हणून त्याला भयंकर शिक्षा झाली होती, अन् त्यानं लिहिलं की मी मेलो असतो तर ते नऊ बैलांचा एक केस गळाल्यासारखंच झालं असतं. हे कळल्यावर म्हण हलक्या हातानं वापरवत नाही, पण आज लोक पैशापाण्याच्या गोष्टीतही सर्रास वापरतात.

बाकीच्या पटकन सांगतो. हान न्यौ छुंग तुंग: पुस्तकं इतकी की ओढणाऱ्या बैलाला घाम फुटावा अन् घर आढ्यापर्यंत भरावं, कापसाची भरलेली बंडी चढावर नेलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. च्वान न्यौच्याओच्येन: शिंगाच्या टोकात घुसणं, म्हणजे नको त्या बारीकशा गोष्टीत अडकून बसणं. छू शंग न्यौ तू पू फा हू: नुकतं जन्मलेलं वासरू वाघाला भीत नाही. ही सात अक्षरांची आहे, नवख्या पोराच्या धाडसाला म्हणतात, ताडोबा-टिपेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांना ती डोळ्यांपुढं दिसेल.

पान भरलं की नवीन अक्षर बाहेरून आणू नका, पानावरच्याच एखाद्या शब्दातून उचला. मी श्वेइन्यौमधलं श्वेइ घेतलं होतं. त्यातून श्वेइक्वो निघालं, फळ. मग खौश्वेइ, तोंडाचं पाणी म्हणजे लाळ. मग शिनश्वेइ, शब्दशः जळण-पाणी, अन् अर्थ पगार.