वादातलं पेअरिंग 'उचलू नका' म्हणजे नक्की काय करायचं? कार्गोवाल्या पायलटांसाठी

चार दिवसांच्या ऑफवर आचऱ्याला घरी आलोय आणि फोन वाजतोय तो एकाच गोष्टीसाठी, नव्या रोस्टरमधल्या त्या सलग रात्रींच्या पेअरिंगचं (म्हणजे एका क्रूला एकत्र बांधून दिलेल्या फ्लाईट्स, मधल्या विश्रांतीसकट) काय करायचं. ग्रुपवर 'एकजूट ठेवा भावांनो' आणि मुठीचे इमोजी ढिगाने पडलेत, पण एकजूट ठेवायची म्हणजे मंगळवारी क्रू शेड्युलिंगचा (ड्युट्या लावणाऱ्या विभागाचा) फोन आला की काय बोलायचं हे कोणीच लिहीत नाही. ज्यांना माहितीय त्यांनी पुढे जा, बाकीच्यांसाठी लिहितो.

आधी हे बघा की ही काही आपण काढलेली आयडिया नाही. अमेरिकेत फेडेक्सच्या पायलटांची युनियन वर्षानुवर्षं हे करतेय. त्यांची शेड्युलिंग कमिटी दर महिन्याची पेअरिंग तपासते, जी पटत नाहीत त्यांना 'डिस्प्युटेड' म्हणते, आणि मेंबरांना सांगते की ही स्वतःहून घेऊ नका. सगळी गोम त्या 'स्वतःहून' शब्दात आहे. कंपनीने रीतसर लावली, नियमात बसतेय, तुम्ही फिट आहात, तर जायचं, रिपोर्ट टाईमला पोचायचं, नीट उडवायचं आणि तक्रार नंतर लेखी करायची. नाही कशाला म्हणायचं? ओपन टाईममधून (कोणालाच न लावलेल्या ड्युट्यांतून) उचलायला, जादा पैशासाठी मागून घ्यायला, दुसऱ्याशी स्वॅप करायला, ऑफच्या दिवशी 'सर प्लीज एवढं कराल का' वाल्या फोनला. बस इतकंच. ड्युटी नाकारणं वेगळं आणि मेहेरबानी न करणं वेगळं, आणि ज्याला हा फरक कळला नाही तो स्वतःही अडकतो आणि बाकीच्यांनाही अडकवतो.

आता पेअरिंग वादातलं ठरवायचं कसं. 'लय दमायला होतं' हे कारण नाही, कार्गोत सगळेच दमतात. कागद लागतो. किमान तीनचार वेगवेगळ्या क्रूने तेच पेअरिंग उडवून वही ठेवायची, रिपोर्ट किती वाजता, हॉटेलच्या खोलीत प्रत्यक्ष किती वाजता शिरलो (रोस्टरमधली वेळ नाही हां, गाडी उशिरा येते, चेक-इनला खोली तयार नसते), झोप किती तास आणि सलग की तुकड्यातुकड्यात, शेवटचं लँडिंग किती वाजता. पहाटे 2 ते 6 मध्ये शरीर सगळ्यात मंद असतं, त्या वेळेत शेवटचं सेक्टर (एक टेकऑफ ते लँडिंग) येतंय का ते ठळक लिहा. आणि दिवसा झोपलेले 8 तास रात्रीच्या 8 तासांसारखे नसतात, पण रोस्टरच्या सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच दिसतात, आपलं भांडण नेमकं तिथंच आहे. लीगल आहे म्हणजे सेफ आहे असं नव्हे.

कोणी म्हणेल एवढं काय, तर त्याला 14 ऑगस्ट 2013 सांगा. यूपीएसची फ्लाईट 1354, ए-300 कार्गो विमान, लुइव्हिलहून बर्मिंगहॅमला, पहाट व्हायच्या आधी रनवेच्या अलीकडेच आपटलं, दोन्ही पायलट गेले. मुख्य कारण नीट न सांभाळलेला ॲप्रोच (लँडिंगसाठी खाली येणं), पण एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, थकव्याचाही वाटा नोंदवला. आणि रेकॉर्डरवर त्या दोघांचं बोलणं आहे, नवीन विश्रांतीचे नियम प्रवासी विमानवाल्यांना आणि आपल्याला नाहीत म्हणून. ते नियम 4 जानेवारी 2014 ला लागू झाले, कार्गोला बाहेर ठेवूनच. खोक्यांना थकलेला पायलट चालतो असा हिशोब असावा.

कागद झाला की तिघांची कमिटी करा, जास्त नको. एक कॅप्टन, एक एफओ (को-पायलट) पाहिजेच, आणि एक असा ज्याला रोस्टरिंगचं गणित कळतं. थेट 'बहिष्कार' म्हणून सुरुवात करू नका, आधी शेड्युलिंगकडे दुरुस्ती घेऊन जा, मधली रात्र लेओव्हर (मुक्काम) करा, किंवा शेवटचं सेक्टर दुसऱ्या क्रूला द्या, किंवा रिपोर्ट दोन तास पुढे ढकला. नाही म्हणाले की मग यादी काढायची, आणि यादी छोटी ठेवा, एक किंवा दोन पेअरिंग. बारा टाकलीत की लोकांना पाठ राहत नाही आणि प्रत्येकाला त्यात स्वतःच्या सोयीचं एक सापडतं.

आता मोडतं कुठे ते सांगतो, कारण माझ्याच हातून मोडलंय. तेव्हाच्या कंपनीत असंच एक पेअरिंग यादीत होतं, मी स्वतः मीटिंगमध्ये हात वर केलेला. भाद्रपद जवळ आला, सुट्टी नामंजूर, आणि शेड्युलिंगमधून गोड आवाजात फोन, तुम्ही हे तीन रात्रींचं घ्या, मी तुम्हाला चतुर्थी ते गौरी विसर्जन मोकळं करून देतो. मालवणी माणसाला अजून काय पाहिजे. घेतलं. गणपतीला घरी आलो, आरतीला झांजा वाजवल्या, आणि काकाला अर्धवट सांगितलं, तो रापणीवाला (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ती रापण), म्हणाला, 'एकान दोर सोडल्यान काय अख्खा जाळा वाकडा.' मोदक गोड लागेना हो.

पण आमच्या कमिटीतल्या सिनियरने जे केलं ते शिकण्यासारखं आहे. ग्रुपवर नाव टाकलं नाही. संध्याकाळी फोन केला, आधी गणपती कसे झाले विचारलं, मग म्हणाले उडवलंयस ना, आता त्या तीन रात्रींची वही लिहून दे. दिली. आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुट्ट्यांची अदलाबदल जुलैमध्येच आपसात लावून टाकली, कोणाला चतुर्थी, कोणाला दिवाळी, कोणाला नाताळ, म्हणजे शेड्युलिंगच्या हातातलं ते गाजरच गेलं. तुम्हीही हेच करा. कोण फुटू शकतो ते आधी ओळखा आणि का फुटेल ते विचारा. एखाद्या एफओला एटीपीएलचे (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सचे) 1500 तास गाठायचेत, एखाद्याचा हप्ता जादा पैशावर चालतो, एखाद्याला ते पेअरिंग खरंच सोयीचं आहे कारण शेवट त्याच्या घराजवळ होतो. पहिल्या दोघांना यादीबाहेरचं फ्लाईंग मिळवून द्यायला सिनियरांनी आपलं सोडावं, तिसऱ्याचं ऐकून घ्यावं, कदाचित पेअरिंग नव्हे तर त्याची फक्त मधली रात्र वाईट असेल. गद्दार वगैरे शब्द ग्रुपवर वापरणाऱ्याला ॲडमिनने तिथेच थांबवा.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका, सगळ्यांनी ठरवून सिक टाकणं (आजारी आहोत म्हणून कळवणं). फेब्रुवारी 1999 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या पायलटांनी तसं केलं, कोर्टाचा आदेश आल्यावरही लगेच थांबले नाहीत, आणि युनियनला साडेचार कोटी डॉलरच्या आसपास दंड बसला. आपल्याकडे 21 नोव्हेंबर 2025 पासून इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड आलाय, त्यात एका दिवशी 50 टक्के किंवा जास्त जणांनी ठरवून कॅज्युअल लीव्ह टाकली तरी तो संपच धरतात, आणि संपाला आधी 14 दिवसांची नोटीस लागते. यादी काढण्याआधी लेबरच्या वकिलाला मसुदा दाखवा, त्या फीसाठी वर्गणी काढा, कुरकुर करू नका.

खरंच झोप झाली नसेल तर मात्र यादी, युनियन सगळं बाजूला, फटीग (थकव्याचा) रिपोर्ट टाकायचा आणि उडायचं नाही, ते एकट्याचं आणि खरं पाहिजे. वादातलं पेअरिंग टाळण्यासाठी खोटा फटीग टाकलात की पुढच्या खऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

फोनवर बोलायचं वाक्य विचारत होतात ना. 'आज ऑफवर आहे, हे मी घेत नाही, लावायचं असेल तर रोस्टरवर रीतसर लावा.' कारण देऊ नका, भाषण देऊ नका, ते बिचारे शेड्युलिंगवालेही नाईट शिफ्टलाच असतात. फोन ठेवला की तारीख आणि वेळ वहीत लिहा. आणि कंपनीने पेअरिंग बदललं की त्याच दिवशी ते यादीतून काढल्याचा मेसेज टाका, हे आपण हमखास विसरतो.