भाऊंचं नाव लघुग्रहाला देण्याआधी

आपण शोधलेल्या लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळाल्याशिवाय नावाच्या तयारीला लागू नका. सुरुवातीला मिळते ती तात्पुरती ओळख: शोधाचं वर्ष, मग पंधरवड्याचं अक्षर (जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी), मग अनुक्रम. कक्षा पक्की ठरली की कायमचा क्रमांक मिळतो. त्याला साधारण चार प्रतियुत्यांची (पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला लघुग्रह, अशा वेळांची) निरीक्षणं लागतात. मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातला लघुग्रह सव्वा-दीड वर्षाने एकदा प्रतियुतीला येतो, म्हणजे पाच-सहा वर्षं सहज जातात. आमची गेली. क्रमांकानंतर नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याकडे १० वर्षं असतो, तेव्हा निवांत बसून ठरवा.

शोधणारा स्वतःचं नाव देत नाही, तसा रिवाजच आहे. मला तर दुसरं नाव सुचलंच नाही. ज्या माणसाने आम्हाला आकाश दाखवलं, त्या भाऊंचंच.

नाव रोमन लिपीत, १६ अक्षरांच्या आत आणि जमल्यास एकाच शब्दात बसवा. पंडित जसराजांचा लघुग्रह ३००१२८ आहे, तिथेही दोन्ही शब्द जोडूनच लिहिलेत. आधीच्या एखाद्या नावाशी फार मिळतंजुळतं नको, म्हणून लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरची यादी चाळून घ्या. पाळीव जनावराचं नाव टाळा, धंद्याचं तर चालतच नाही.

खरा वेळ राखून ठेवा तो इंग्रजी टिपणासाठी. ज्याचं नाव द्यायचं तो कोण, हे मोजक्या ओळींत सांगावं लागतं. ‘थोर खगोलप्रेमी’ असं मोघम लिहू नका. माळ्यावरच्या त्याच्या वह्या खाली काढा. भाऊ दिवसा जिनिंगच्या काट्यावर बसतात. डिसेंबरात कापसाच्या गाड्यांची रांग हटत नाही, तरी १३-१४ तारखेच्या रात्री धुऱ्यावर बाज टाकून ते मिथुनेतल्या उल्का मोजतात. टॉर्चला पतंगाचा लाल कागद रबराने बांधलेला असतो. वहीच्या शिवणीत कापसाचे तंतू अडकलेत, आणि एका पानावर लिहिलंय: ‘१२ ते १, उल्का ६३. लाइन गेली, बरं झालं.’ बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंचे असतात. हा मात्र १९८३ साली सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाच्या धुळीतून होतो. जन्मभर लघुग्रहाची धूळ मोजणाऱ्याच्या नावे लघुग्रह, हे टिपणात आलंच पाहिजे.

या कामाला एक पैसाही लागत नाही. पैसे मागून नाव देणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका. आंतरराष्ट्रीय खगोल संघाची नामकरण समिती मंजुरी देऊन आपल्या नियतकालिकात छापते, तोवर पेढे नकोत.

पाठवण्याआधी शेवटचं काम म्हणजे स्पेलिंग, आणि ते त्या माणसालाच विचारा. भाऊंचं आडनाव सातबाऱ्यावर एक, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरंच. त्यात ‘ळ’ आहे, तो रोमनमध्ये बसेना. मी विचारलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग काटा पावती उलटी करून तीनदा लिहून पाहिलं आणि तिसऱ्याखाली रेघ ओढली.