‘पुट ऑफ’: ढकलताय कुणाला?

माझ्या वर्गात ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मग कुणीतरी ‘हिज टोन पुट मी ऑफ’ वाचतं आणि विचारतं, ‘सर, त्याच्या बोलण्याने याला पुढे कसं ढकललं?’

अर्थांची यादी घोकू नका. आधी कर्म शोधा. ते काम, बैठक किंवा परीक्षा असेल, तर पुढे ढकलणं. ‘दे पुट ऑफ द मीटिंग टिल मंडे’: बैठक होणार आहे, पण सोमवारी. रद्दच झाली असेल तर ‘कॉल ऑफ’. ही गल्लत महागात पडते, कारण ऐकणारा सोमवारी येऊन बसतो. आणि तारीख अलीकडे आणली असेल तर ‘ब्रिंग फॉरवर्ड’.

कर्म माणूस असेल, तर बहुतेक वेळा त्याचं मन उडालेलं असतं. ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’: वासाने जेवणावरची वासनाच गेली. इथे ‘फ्रॉम’ घालायचा मोह होतो, तो आवरा. पण तो माणूस त्या क्षणी नेम धरत असेल, आकडेमोड करत असेल, तर ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणजे ‘माझं लक्ष विचलित करू नकोस’. राग नसतो त्यात, फक्त वैताग. कधी अर्थ ‘काहीतरी कारण सांगून वाटेला लावणं’ असाही निघतो. पैसे मागायला आलेल्याला लावतात तसं.

आता रचना. ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ दोन्ही बरोबर. सर्वनाम मात्र मधेच बसतं: ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ असं कोणी म्हणत नाही. पुढे क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ लावा: ‘आय कीप पुटिंग ऑफ कॉलिंग हर’. ‘टू कॉल’ चुकीचं. भूतकाळातही ‘पुट’च राहतं, ‘पुटेड’ नाही.

दिव्यासाठी ‘पुट ऑफ’ ऐकू येतं, पण ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणा, सगळीकडे चालतं.

यावरूनच ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण झालंय. ते वासाला, वागण्याला, भडक रंगाला लावा. पुढे ढकललेल्या बैठकीला नको. तिथे ‘पोस्टपोन्ड’ म्हणा.