नवीन गाडीचं रनिंग-इन: पहिले हजार किमी जरा जपून

दसऱ्याला शोरूममधून नवी बाईक किंवा स्कूटर काढली की पहिल्याच रविवारी लोणावळ्याला पिळत न्यायचा मोह होतोच, पण पहिले हजार किमी तेवढं टाळा, नवीन गाडी अशी जपून चालवण्यालाच रनिंग-इन म्हणतात. इंजिन नवीन असताना सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक रेघा असतात, पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून घासून नीट बसतात आणि हे काम सुरुवातीलाच होतं, नंतर नाही.

लोक सांगतात ४० च्या वर जाऊच नका, ते अर्धवट खरं आहे. एकाच स्पीडला तासभर चालवणंही चुकीचंच, स्पीड कमी-जास्त होत राहिला पाहिजे, म्हणून हायवेपेक्षा गावातला रस्ता बरा. कुठल्या गिअरला किती स्पीड ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते एकदा बघाच. फुल थ्रॉटल नको आणि टॉप गिअरमध्ये २० च्या स्पीडला गाडी धडधडत ओढणं तर अजिबात नको, खाली गिअर टाका. स्कूटरला गिअरची भानगड नाही, फक्त थ्रॉटल हळू पिळा, डबलसीट चढावर तर आणखीच हळू.

पहिली सर्व्हिस किमी आणि दिवस यातलं जे आधी येईल तेव्हा करा, आणि ऑइल बदलताना समोर उभे रहा. मी माझ्या गाडीचं काढलेलं ऑइल उन्हात धरून बघितलं, त्यात चंदेरी चमचम होती, तो घासलेल्या धातूचा बारीक चुरा.

आणि हो, नवे टायर सुरुवातीला गुळगुळीत असतात, पहिले शंभरेक किमी वळणावर गाडी फार झुकवू नका, पावसात तर नाहीच.