पट्टीआधी घुमारा: बोलण्याचा आवाज स्त्रीचा कसा करायचा

आवाज स्त्रीचा वाटावा म्हणून सराव सुरू करणारी जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच दिवशी आवाज चढवते. चार दिवस उंच पट्टीत बोलून घसा बसतो, रेकॉर्डिंग कार्टूनमधल्या पात्रासारखं ऐकू येतं आणि सराव सुटतो. गळ्यात दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी घुमारा (गळ्या-तोंडाच्या पोकळीतून आवाजाला येणारा उजळ किंवा गडद रंग), मग आवाजाचा जडपणा आणि पट्टी, म्हणजे सुराची उंची, सर्वांत शेवटी, असं गेलं तर बहुतेक गळ्यांना हे जमतं. वेळ मात्र लागतो. रोजच्या सरावाने सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष धरून चला.

हे मुख्यतः पारलिंगी (ट्रान्स) स्त्रियांसाठी लिहिलं आहे. जिला आहे तो आवाज आपला वाटतो, तिने तो बदलण्याची काही गरज नाही, हेही आधीच सांगायला हवं.

वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, स्वरयंत्र मोठं होऊन खाली सरकतं. नंतर इस्ट्रोजेन सुरू केलं तरी स्वरतंतू पहिल्यासारखे होत नाहीत, त्यामुळे आवाजासाठी हॉर्मोन्सच्या भरवशावर थांबू नका. पुरुषांच्या बोलण्याचा सूर साधारण १०० ते १३० हर्ट्झ असतो, बायकांचा १८० ते २२०. मधल्या १४५ ते १७५ च्या टापूत नुसत्या सुरावरून काही ठरत नाही, तिथे कान घुमाऱ्याकडे बघतो. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषात सुमारे १७ सेंटीमीटर असते, स्त्रीमध्ये १४ च्या आसपास. पोकळी लहान तितका आवाज उजळ. फोनवर तर याचं महत्त्व आणखी वाढतं. जुनी टेलिफोन लाइन ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही पोचवतच नाही, म्हणजे आपला मूळ सूर पलीकडे थेट जातच नाही. उरतो तो वरचा घुमारा.

तयारी

फोनवर रेकॉर्डर आणि एखादं ट्यूनर अ‍ॅप, एक बारीक स्ट्रॉ, अर्धा ग्लास पाणी. संगणक असेल तर प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात सूर आणि घुमारा दोन्ही रेषांनी दिसतात. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, आणि अंतर रोज तेच. अंतर बदललं की आवाजाचा पोतही बदलतो आणि कालची-आजची तुलना फसते.

जागेचा प्रश्न पुण्यात खरा अवघड. पीजीत किंवा दोन खोल्यांच्या घरात भिंतीला कान असतात. पण सुरुवातीचा सगळा सराव हळू आवाजातच करायचा असतो, जोरात केला तर उलट बिघडतो. मोकळेपणा हवा असेल तर बंद गाडी किंवा सकाळची तळजाई, वेताळ टेकडी. थंडीतली कोरडी हवा घशाला लागते, तेव्हा पाण्याची बाटली जवळ ठेवा. दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं बसा. एकदाच तासभर बसण्यात काही फायदा नाही.

आधी तीन मिनिटं गळा गरम करा. स्ट्रॉ पाण्यात दोन सेंटीमीटर बुडवून त्यातून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढा, सूर हळूच वर-खाली न्या. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. अडखळत आले तर श्वास कमी पडतोय किंवा गळा आवळलाय.

घुमारा

कंठमण्यावर हलकं बोट ठेवा. आवंढा गिळा: तो वर जातो. जांभई द्या: खाली येतो. आपल्याला तो थोडा वर हवा आहे, पण गिळण्याच्या स्नायूंनी ओढून नव्हे. अंगठा हनुवटीखाली दाबून बघा, तिथला भाग मऊच राहिला पाहिजे. कडक झाला तर सोडून द्या आणि पुन्हा सुरू करा.

आता आवाज न काढता, नुसत्या श्वासाने ‘हा’ म्हणा, मोठा कुत्रा धापा टाकतो तसा. मग हळूहळू लहान पिल्लाची धाप करत न्या. कुजबुजीत स्वरतंतू थरथरत नाहीत, त्यामुळे ऐकू येतो तो निव्वळ पोकळीचा फरक. हा फरक कानाला ओळखू येणं हाच या टप्प्याचा उद्देश, म्हणून पहिल्या आठवड्यात याहून पुढे जाण्याची घाई नको. कुजबूज मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त करू नका, घसा कोरडा पडतो.

पिल्लाची धाप सापडली की तोच आकार धरून हळूच आवाज मिसळा. सूर कुठे लागतोय ते बघू नका, खाली असला तरी चालेल. सुरुवात ‘ई’पासून करा, कारण त्यात जीभ आपोआप पुढे आणि वर असते. मग ‘ए’, ‘अ’, ‘आ’. प्रत्येक स्वरात ‘ई’चा उजळपणा टिकवायचा. ‘ओ’ आणि ‘ऊ’ शेवटी घ्या. ओठ पुढे आले की पोकळी लांबते आणि आवाज गडद होतो. एक ते दहा मोजून बघा: ‘एक’, ‘तीन’ छान जातात, ‘दोन’ला आवाज खाली बसतो, ‘आठ’ला जीभ मागे जाते, ‘नऊ’च्या शेवटी पुन्हा गडद. हे तीन आकडे वेगळे काढून घोटा. तसंच ‘ळ’चं, त्यात जीभ मागे वळते, म्हणून ‘केळी’, ‘सकाळी’, ‘वेळ’ हे शब्द रोजच्या यादीत असू द्या.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आवाज नाकात जाणं. नाक चिमटीत धरून ‘आई गावी गेली’ म्हणा. यात एकही अनुनासिक नाही, त्यामुळे नाक धरलं काय, सोडलं काय, आवाज सारखाच यायला हवा. बदलला तर तो गेंगाणेपणा आहे, उजळपणा नव्हे.

जडपणा

पूर्ण जाडीने थरथरणारे स्वरतंतू भरदार, गुरगुरता आवाज देतात. जोरात बोललं की तो वाढतो. तो कमी करायला चोरट्या आवाजात, म्हणजे उंच, पातळ, खोट्या आवाजात (फॉल्सेटो), वर ‘ऊ’ लावा आणि तिथून हळूहळू खाली उतरा. वाटेत एका जागी आवाज एकदम जाड होऊन तुटतो. ती जागा ओळखा आणि तिथून पाच-सहा वेळा इतक्या हळू उतरा की तुटणार नाही. त्या जागेखालीही तोच हलकेपणा टिकला, म्हणजे काम झालं.

हलका करता करता आवाज हवेने भरून जातो, दोन वाक्यांत दम लागतो. बऱ्याच जणी त्यालाच बाईचा आवाज समजून बसतात. उपाय सोपा आहे. नको म्हणताना आपण ‘अंहं’ करतो, त्यात सुरुवातीला गळ्यात बारीकशी टिचकी वाजते. तशीच टिचकी देऊन ‘अ-अ-अ’, ‘आई’, ‘आज’ म्हणा. हवा गळायची थांबते.

पट्टी

आता सूर. ११० हर्ट्झवरून २०० म्हणजे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून जवळजवळ दहा पट्ट्या, तेवढी उडी एकदम मारायची नसते. आठवड्याला एखादी पट्टी चढा. पांढरी तीन (सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी) म्हणजे १६५ हर्ट्झ, पांढरी पाच १९६, पांढरी सहा २२०. सप्तक चुकू नये म्हणून एकदा ट्यूनरवर आकडा बघून घ्या. १८० ते २०० च्या दरम्यान आरामात बोलता आलं की पुरे. सूर लावा, ओठ मिटून ‘हं’ गुणगुणा, मग ‘हो’, ‘हो का?’, ‘बरं’, मग पूर्ण वाक्य. एकाच सुरावर बोललात तर बातम्या वाचल्यासारखं वाटतं. एखाद्या शब्दावर भर द्यायचा असेल तर जोर न लावता सूर वर न्या: ‘मला *उद्याच* हवंय.’

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि बोलणारीचं लिंगही बहुधा तिथेच कळतं: जाते, बोलतेय, आले. नेमका तिथेच श्वास संपलेला असतो आणि आवाज जुन्या सुरावर कोसळतो. म्हणून वाक्य शेवटाकडून बांधा. आधी नुसतं ‘उतरते’, मग ‘इथेच उतरते’, मग ‘दादा, मी इथेच उतरते’. प्रत्येक वेळी ‘ते’ सुरात संपला पाहिजे. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो’ म्हणतात आणि कुणाला शंका येत नाही. त्यामुळे नुसत्या ‘ते’ने आवाज बदलेल अशी आशा धरू नका, पण घोटायला तीच जागा सर्वांत अवघड असते.

रस्त्यावर

पहिले प्रयोग छोट्या वाक्यांचे करा. बसमध्ये ‘एक स्वारगेट’, मंडईत ‘पाव किलो भेंडी द्या’. वाक्य लहान आणि ओळखीचं असलं की लक्ष आवाजावर ठेवता येतं. गोंगाटात आपण नकळत जोर वाढवतो आणि जडपणा परत येतो. अशा वेळी जोर तेवढाच ठेवून घुमारा आणखी उजळ करा, आणि एक पाऊल जवळ जाऊन बोला. खोकला, हसू आणि हाक यांचा सराव वेगळा करावा लागतो. हसू ‘ही’च्या आकारातून काढा. हाक चार-पाच वेळांपेक्षा जास्त घोटू नका.

थांबायचं कधी

दुखलं, टोचलं, आवाज फाटला की त्या दिवशी बंद. गोळी चघळून घसा बधिर करून सराव करू नये, इजा कळत नाही. सर्दीत नुसता स्ट्रॉ. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या.

स्पीच थेरपिस्टची मदत मिळाली तर फार वेळ वाचतो. पुणे-सातारा रस्त्यावर भारती विद्यापीठात तर या विषयाचं शिक्षणच दिलं जातं. मात्र अनेक थेरपिस्टचं काम मुख्यतः लहान मुलांच्या बोलण्याचं किंवा पक्षाघातानंतरचं असतं. म्हणून वेळ घेतानाच विचारा: पारलिंगी स्त्रियांच्या आवाजावर काम केलंय का, आणि घुमाऱ्याचा सराव करून घेता का? उत्तर फक्त ‘पट्टी वाढवू’ असं आलं तर दुसरीकडे विचारा.

शस्त्रक्रियेने स्वरतंतूंची थरथरणारी लांबी कमी करता येते, सूर चढतो. पोकळी तेवढीच राहते, त्यामुळे घुमारा बदलत नाही. नंतर काही काळ पूर्ण मौन पाळावं लागतं, आवाजाचा जोर आणि पल्ला कमी होण्याची शक्यता असते. विचार करायचाच असेल तर आधी निदान सहा महिने घुमारा आणि जडपणा यांवर काम करा. तेवढ्याने भागलं तर शस्त्रक्रिया लागणारच नाही, आणि केलीत तरी ते दोन्ही नंतर तुम्हालाच सांभाळायचे असतात.